डिदरिंगसाठी मोजके रंग निवडताना: सरासरी नको, टोकं धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोटो आणि रंगवलेली डिजिटल चित्रं ८ किंवा १६ रंगांत डिदर करायची आहेत, म्हणजे मोजक्या रंगांचे ठिपके शेजारी मांडून मधल्या छटांचा भास करायचा आहे. सॉफ्टवेअरला सांगितलं की ते चित्रातून तेवढे रंग काढून देतं, पण डिदर केल्यावर चित्र मळकट दिसतं, काळा करडा होतो, लाल विटकरी होतो आणि आकाशात दाणे उठतात. मग रंग निवडायचे कसे? तयार पॅलेट (म्हणजे रंगांचा ठरलेला संच) घ्यावं की प्रत्येक चित्रासाठी नवं काढावं?

या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. सॉफ्टवेअर जे पॅलेट काढून देतं ते डिदरिंगसाठी काढलेलंच नसतं. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेली मीडियन कट पद्धत घ्या, १९८८ ची ऑक्ट्री घ्या किंवा आज सर्रास वापरलं जाणारं के-मीन्स घ्या. या सगळ्या पद्धती एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतात: प्रत्येक पिक्सेलच्या जागी पॅलेटमधला एकच रंग ठेवायचा असेल, तर एकूण फरक कमीत कमी कसा राहील? त्याचं उत्तर म्हणून सारख्या रंगांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाचा मधला रंग पॅलेटमध्ये घेतला जातो. डिदरिंग न करता रंग कमी करायचे असतील तर हे अगदी योग्य आहे.

डिदरिंगमध्ये मात्र प्रश्नच बदलतो. इथे एखादी छटा एकाच पिक्सेलने दाखवायची नसते, शेजारशेजारच्या पाच-दहा पिक्सेलांच्या मिश्रणातून ती डोळ्यात तयार व्हायची असते. आणि मिश्रण नेहमी त्या रंगांच्या मधेच पडतं, बाहेर कधीच जात नाही. म्हणून डिदरिंगच्या पॅलेटला गटांचे मध्य नकोत, टोकं हवीत.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सरळ चढत जाणारी करडी पट्टी घ्या, ० ते २५५, सगळ्या पातळ्या सारख्या प्रमाणात. तिच्यातून चार छटा काढायला सांगितल्या तर के-मीन्स साधारण ३२, ९६, १६० आणि २२४ देईल. चार समान भाग, प्रत्येकाचा मध्य. आता या चार छटांनी डिदर करा. ३२ च्या खालची एकही पातळी मिश्रणातून तयार होणार नाही आणि २२४ च्या वरचीही नाही. म्हणजे पट्टीचा जवळजवळ चौथा भाग कायमचा गेला, आणि गेला तो नेमका दोन्ही टोकांचा, ज्यांच्यावर चित्राचा कंट्रास्ट उभा असतो. त्याऐवजी ०, ८५, १७०, २५५ घेतल्या तर प्रत्येक पातळी कुठल्या तरी दोन छटांच्या मधे येते आणि मिश्रणातून पूर्ण पट्टी मिळते. छटा तेवढ्याच, चारच. तुमचा काळा करडा का होतो याचं उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे.

रंगीत चित्रात हेच तीन दिशांना घडतं. तांबडा, हिरवा, निळा हे तीन घटक म्हणजे तीन अक्ष धरा आणि पॅलेटमधला प्रत्येक रंग त्या अवकाशातला एक बिंदू. सपाट फळीवर ठोकलेल्या खिळ्यांभोवती दोरा ताणला की बाहेरच्या खिळ्यांवरून एक आकार तयार होतो, तसाच इथे बाहेरच्या बिंदूंचा एक त्रिमितीय घेर तयार होतो. डिदरिंगला या घेराच्या आतला कुठलाही रंग दाखवता येतो, बाहेरचा एकही नाही. सरासरीतून काढलेलं पॅलेट हा घेर सगळीकडून आत ओढतं. लाल विटकरी होतो तो त्यामुळेच: चित्रात खरा लाल जेमतेम एक टक्का पिक्सेलांत असतो, तो तपकिरी गटात ढकलला जातो आणि सरासरीत विरतो.

घेराबाहेरच्या रंगाचं नुसतं फिकं होण्यावरही भागत नाही. एरर डिफ्यूजन या डिदरिंगच्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलचा मूळ रंग आणि त्याला मिळालेला रंग यांतला उरलेला फरक (एरर) पुढच्या पिक्सेलांना वाटला जातो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांच्या १९७६ च्या पद्धतीत तो उजवीकडे ७/१६, खाली-डावीकडे ३/१६, खाली ५/१६ आणि खाली-उजवीकडे १/१६ असा जातो. रंग घेराच्या आत असेल तर कधी जास्त, कधी कमी होत हिशेब मिटतो. बाहेर असेल तर उरलेला फरक प्रत्येक वेळी एकाच दिशेचा असतो, तो फेडणारा पिक्सेल येतच नाही, आणि एरर साठत जातो. लाल भाग संपून पांढरी भिंत सुरू झाली की तो साठा तिथे ओतला जातो आणि भिंतीवर लालसर ठिपक्यांचे ओघळ दिसू लागतात. हे पाहून लोक अल्गोरिदम बदलत बसतात. दोष पॅलेटचा असतो.

घेराचं महत्त्व पटायला १९८१ च्या आयबीएम सीजीए या संगणकाच्या रंग-कार्डाइतकं चांगलं उदाहरण नाही. त्याच्या ३२० गुणिले २०० च्या ग्राफिक्स मोडमध्ये चारच रंग मिळत. त्यातला एक प्रसिद्ध संच म्हणजे काळा, आकाशी, गुलबक्षी, पांढरा. या चौघांचे घटक लिहून पाहा: प्रत्येकात निळा घटक तांबड्या आणि हिरव्या घटकाइतका किंवा त्याहून जास्त आहे. म्हणून त्यांच्या कुठल्याही मिश्रणातही तो कमी होऊच शकत नाही. याचा अर्थ कितीही हुशार डिदरिंग लावलं तरी त्वचेचा रंग, लाकूड, माती, ऊन, यांतलं काहीही या संचातून निघणार नाही. दुसरा संच हिरवा, लाल आणि पिवळा किंवा तपकिरी, पार्श्वभूमी काळी ठेवली तर नेमका उलटा: त्यात निळं आकाश अशक्य. पॅलेट हातात आलं की मी आधी हेच पाहतो, यातून काय कधीच तयार होणार नाही. काय तयार होईल ते नंतर.

मग सगळ्यात मोठा घेरच घ्यावा का? काळा, पांढरा, शुद्ध लाल, हिरवा, निळा, पिवळा, आकाशी, गुलबक्षी हे आठ रंग म्हणजे रंगघनाचे आठही कोपरे. यांच्या घेरात प्रत्येक रंग येतो. तरी या आठांत फोटो डिदर करून पाहा, दाण्यांनी भरलेला दिसेल. इथे दुसरा नियम आडवा येतो.

एकच करडा रंग वेगवेगळ्या जोड्यांतून कसा तयार होतो ते पाहिलं की हा नियम लगेच कळतो. काळा-पांढरा निम्मे-निम्मे, निळा-पिवळा निम्मे-निम्मे, लाल-आकाशी, हिरवा-गुलबक्षी: प्रकाशाच्या हिशेबाने चारही जोड्या अगदी तोच करडा देतात. पण सीआयई लॅब या नजरेला धरून बसवलेल्या रंगमापातल्या ० ते १०० या उजळपणाच्या पट्टीवर काळा ० आणि पांढरा १००, निळा ३२ आणि पिवळा ९७, लाल ५३ आणि आकाशी ९१, हिरवा ८८ आणि गुलबक्षी ६०. म्हणजे जोडीतला फरक अनुक्रमे १००, ६५, ३८ आणि २८. डोळ्याला बारीक तपशिलात उजळपणातला फरक फार तीव्रतेने दिसतो, रंगछटेतला फरक त्या मानाने पुष्कळच कमी. त्यामुळे दिसणारा मिश्र रंग तोच असूनही काळ्या-पांढऱ्या जोडीचे दाणे टोचतात आणि हिरव्या-गुलबक्षी जोडीचे जरा दुरून विरून जातात.

दाणा किती दिसणार हे ठरवणारी गोष्ट म्हणजे मिसळणाऱ्या रंगांच्या उजळपणातलं अंतर. रंगछटा कितीही वेगळ्या असू देत, उजळपणा जवळ असेल तर मिश्रण मऊ येतं. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर काम करणाऱ्या चित्रकारांना हे पक्कं माहीत होतं. त्याच्या चित्र दाखवणाऱ्या चिपच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये १६ रंगांसाठी उजळपणाच्या फक्त नऊ पातळ्या होत्या. काळा आणि पांढरा सोडले तर बाकीचे रंग जोडीजोडीने एकाच पातळीवर बसत: निळा आणि तपकिरी एका पातळीवर, लाल आणि गडद करडा एका पातळीवर, जांभळा आणि नारिंगी एका पातळीवर. निळा-तपकिरी पिक्सेल चौकटीसारखे आलटून पालटून मांडले की टीव्हीच्या पडद्यावर ते एकच नवा रंग होऊन जात. स्वतःचं पॅलेट करताना ही युक्ती मुद्दाम वापरा. दोन वेगळ्या छटांचे रंग एकाच उजळपणावर आणून ठेवले की मधली तिसरी छटा जवळजवळ फुकट मिळते.

आता दोन्ही नियम एकत्र ठेवा. काही रंग घेर वाढवायला हवेत, काही रंग घेराच्या आत, दाणे कमी करायला. रंग मोजकेच असल्याने ही वाटणी करणं हेच खरं काम आहे, आणि ती चित्र बघूनच करावी लागते. आठ रंग असतील तर माझी सवय अशी: पाच टोकांना, तीन आत. सोळा असतील तर सहा-सात टोकांना पुरतात, बाकी सगळे आत. रंग वाढले म्हणून टोकं त्याच प्रमाणात वाढवायची गरज नसते.

टोकं निवडताना क्षेत्रफळाकडे पाहू नका. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ रंग आधी घ्या. ते शुद्ध काळा-पांढरा असलेच पाहिजेत असं नाही. संध्याकाळच्या चित्रात सर्वांत गडद भाग निळसर जांभळा असेल तर तोच घ्या, सगळ्या सावल्यांना त्याचा फायदा होतो. मात्र चित्रातला सर्वांत गडद एखाद-दुसरा टक्का भाग खरोखर त्या रंगाच्या आसपास आहे का, हे हिस्टोग्रामवर (कुठली पातळी किती पिक्सेलांत आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) पाहून घ्या. मग नजर जिथे जाते तिथला सर्वांत भडक रंग: ओठ, एखादं फूल, दिवा, कापडाची किनार. तो चित्रात अर्धा टक्का असला तरी पॅलेटमध्ये जसाच्या तसा हवा, किंबहुना मूळ रंगापेक्षा किंचित जास्तच भडक. कारण डिदरिंगमध्ये तो शेजारच्या रंगांत मिसळून थोडा खाली येणारच आहे. त्यानंतर त्याच्या विरुद्ध बाजूचा रंग. लाल घेतला असेल तर हिरवट-निळसर बाजूला काहीतरी हवंच, नाहीतर तटस्थ करड्यालाही लालसर झाक येऊ शकते आणि ती कशानेच मोडता येत नाही.

आतले रंग कुठे खर्च करायचे? सपाट, मऊ भागांवर. ही एक गोष्ट पाळली तरी निकाल डोळ्यांत भरण्याइतका सुधारतो. आकाश, गाल, भिंत, धुकं, गुळगुळीत पाणी, अशा ठिकाणी दाणे लपवायला काहीच नसतं. तिथे त्या भागाच्या रंगाच्या दोन्ही बाजूंना, थोडा उजळ आणि थोडा गडद असे जवळचे दोन रंग ठेवा. पानं, केस, खडबडीत दगड, गवत यांत मुळातच इतका तपशील असतो की दाणे त्यात मिसळून जातात. जंगलाच्या फोटोत सॉफ्टवेअर आठपैकी पाच हिरवे देतं, कारण पिक्सेलांची संख्या तिकडे आहे. मी त्यातले दोन ठेवतो, एक गडद, एक पिवळसर पोपटी, आणि उरलेले तीन आकाशाला आणि वाटेवरच्या माणसाला देतो.

सुट्या रंगांपेक्षा साखळ्यांचा विचार केला तर अजून काटकसर होते. त्वचेची साखळी, आकाशाची साखळी, झाडांची साखळी, प्रत्येकीत गडदपासून उजळपर्यंत तीन-चार पायऱ्या. यांची गडद टोकं एकच ठेवा आणि उजळ टोकंही एकच. गडद जांभळट तपकिरी हा रंग त्वचेची सावली, खोडाची सावली आणि ढगाखालची सावली असं तिन्हीकडे काम करतो. फिकट पिवळसर पांढरा तिन्हीकडचं ऊन होतो. पॅलेटमधला प्रत्येक रंग निदान दोन साखळ्यांत उपयोगी पडावा, हा निकष मी लावतो. जो एकाच ठिकाणी लागतो तो फक्त वर सांगितलेल्या लाल फुलासारखा असेल तरच ठेवायचा.

आता गॅमाबद्दल, म्हणजे फाइलमधले आकडे आणि पडद्यावरचा प्रकाश यांच्यातल्या नात्याबद्दल, कारण तिथे चुकलं तर वरचं सगळं वाया जातं. चित्राच्या फाइलमधले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत १२८ ही पातळी पूर्ण पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश देत नाही, सुमारे २२ टक्केच देते. उलट, काळे आणि पांढरे पिक्सेल निम्मे-निम्मे मांडले तर डोळ्याला जो करडा दिसतो तो १२८ नसून १८८ च्या आसपासचा असतो. साधा डिदरिंग प्रोग्राम थेट फाइलमधल्या आकड्यांवर एरर वाटतो आणि त्यामुळे मधल्या छटा मूळ चित्रापेक्षा उजळ, धुवट होतात. योग्य रीत अशी की एरर वाटणं रेषीय प्रकाशात, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणात बदलून घेतलेल्या आकड्यांवर, करायचं, कारण मिश्रण ही भौतिक गोष्ट आहे. जवळचा रंग शोधणं मात्र नजरेच्या हिशेबाने बसवलेल्या मापावर करायचं, सीआयई लॅब किंवा ब्योर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेलं ओकेलॅब. या दोन कामांना दोन वेगळी मापं लागतात.

याचा पॅलेट निवडीवर सरळ परिणाम होतो. रेषीय प्रकाशात हिशेब केला की गडद छटांसाठी उजळ पिक्सेल फारच थोडे लागतात. काळा आणि पांढरा एवढेच रंग असतील तर १२८ च्या छटेसाठी पाचात एकच पांढरा ठिपका, त्याहून गडद भागात आणखी विरळ. आणि काळ्यावर विरळ पांढरे ठिपके सर्वांत जास्त खुपतात. म्हणून आतले रंग गडद बाजूला जास्त द्या. काळ्या-पांढऱ्याच्या मधे एकच करडा घालायची मुभा असेल तर तो १८८ नको. डोळ्याला खरोखर मधोमध वाटणारी पातळी ११९ च्या आसपास आहे, तिथे किंवा थोडी खाली तो ठेवा.

पॅलेट आणि डिदरिंगची पद्धत एकमेकांना धरून असतात. बेयर यांच्या १९७३ च्या मॅट्रिक्सवर (ठरलेल्या आकड्यांची चौकट, जी चित्रावर पुन्हा पुन्हा मांडली जाते) आधारलेलं ऑर्डर्ड डिदरिंग एकसारख्या अंतरावरच्या रंगांवर छान चालतं. ४ गुणिले ४ चं मॅट्रिक्स दोन रंगांतून १७ पायऱ्या देतं, ८ गुणिले ८ चं ६५. पण हाताने निवडलेल्या पॅलेटमध्ये रंगांमधली अंतरं असमान असतात. तिथे प्रत्येक पिक्सेलमध्ये मॅट्रिक्सचा आकडा मिळवून जवळचा रंग घेणं ही साधी रीत फसते, कुठे दाणे जास्त, कुठे सपाट पट्टे. अशा पॅलेटसाठी फोटोशॉपचे सहनिर्माते थॉमस नोल यांची रीत चांगली. ती प्रत्येक पिक्सेलसाठी आधी उमेदवार रंगांची एक यादी तयार करते, ती उजळपणाच्या क्रमाने लावते आणि मॅट्रिक्समधल्या जागेनुसार त्यातला एक उचलते. ठिपक्यांची जाळी नजरेला नको असेल तर बेयरऐवजी ब्लू नॉइजचं, म्हणजे ठिपके जाळी न दिसता सारखे विखुरणारं, मॅट्रिक्स वापरा. रॉबर्ट उलिचनी यांनी १९९३ मध्ये ते तयार करण्याची व्हॉइड अँड क्लस्टर पद्धत दिली. आजही बहुतेक जण तीच वापरतात.

एरर डिफ्यूजनमध्ये घेर तोकडा पडत असेल आणि रंग वाढवता येत नसतील तर ॲटकिन्सन पद्धत वापरून पाहा. बिल ॲटकिन्सन यांनी ती सुरुवातीच्या मॅकिंटॉशसाठी केली होती. एररचा आठवा-आठवा भाग सहा शेजाऱ्यांना जातो, म्हणजे आठपैकी सहा भागच पुढे जातात आणि पाव एरर सोडून दिला जातो. त्यामुळे साठा होत नाही, ओघळ येत नाहीत, किंमत म्हणून सावल्या आणि उजेडाचे तपशील थोडे बुजतात. गिंप या मोफत चित्र-प्रोग्राममध्ये फ्लॉइड-स्टाइनबर्गचा रंग कमी ओघळणारा वेगळा पर्याय आहे, तोही याच दुखण्यासाठी. तरी माझं मत असं की आधी चित्रच घेरात बसवावं. डिदर करण्यापूर्वी सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) आणि कंट्रास्ट इतपत खाली आणा की चित्रातला जवळजवळ प्रत्येक रंग पॅलेटच्या आत येईल. भडकपणा थोडा जातो, पण सगळीकडे सारखा जातो, आणि चित्र स्वच्छ राहतं.

तयार पॅलेट की चित्रागणिक नवं? एकटं चित्र असेल तर त्याचंच पॅलेट. मालिका असेल, खेळ असेल, चित्रं एकाच पानावर शेजारी दिसणार असतील तर एकच ठरलेलं. पिक्सेल चित्रकार डॉनब्रिंगर यांचं १६ रंगांचं पॅलेट किंवा पिको-८ या छोट्या खेळांच्या सॉफ्टवेअरचे १६ रंग लोकप्रिय आहेत ते योग्यच आहे, पण ते पिक्सेल आर्ट हाताने रंगवण्यासाठी केलेले आहेत. फोटो डिदर करताना त्यातले काही रंग अनपेक्षित ठिकाणी उगवतात, गालावर हिरवा ठिपका, ढगात गुलाबी. अशा वेळी त्या पॅलेटमधले चित्राला लागणारे आठ-दहा रंगच निवडा आणि बाकीचे त्या चित्रापुरते बंद ठेवा. संच ओळखू येतो आणि उपद्रव टळतो.

हलत्या चित्रांत एरर डिफ्यूजन टाळा. एका फ्रेममध्ये एक पिक्सेल बदलला तरी त्याच्या पुढचे सगळे दाणे जागा बदलतात आणि स्थिर भिंतही मुंग्या चालल्यासारखी दिसते. ऑर्डर्ड डिदरिंगमध्ये ठिपके जागेवर राहतात आणि जीआयएफ फाइलही लहान होते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये ‘पॅलेटजेन’ आणि ‘पॅलेटयूज’ हे दोन फिल्टर आहेत. पहिल्यातून निघालेलं पॅलेट ही एक लहानशी चित्रफाइलच असते, ती उघडून टोकांचे रंग हाताने बदला आणि मग दुसऱ्याला द्या. इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्रामचा ‘रीमॅप’ पर्यायही असंच तुमचं स्वतःचं पॅलेट घेतो. फोटोशॉपच्या इंडेक्स्ड कलरमध्ये ‘फोर्स्ड’ नावाची पर्यायांची एक यादी आहे, तिच्यातून काळा-पांढरा, मूळ रंग किंवा तुमचे स्वतःचे रंग सक्तीने पॅलेटमध्ये राहतात. फोटोशॉप वापरत असाल तर टोकं राखायचा सर्वांत सोपा मार्ग हाच.

रंगीत ई-पेपरसाठी (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यासाठी) काम करत असाल तर एक गोष्ट आवर्जून करा. सात रंगांच्या पॅनेलमध्ये काळा, पांढरा, हिरवा, निळा, लाल, पिवळा, नारिंगी असे रंग असतात, आणि अनेक नमुना प्रोग्रामांत त्यांना शुद्ध आकडे दिलेले असतात, लाल म्हणजे २५५, ०, ०. पॅनेलवरचा खरा लाल तसा नसतो, पुष्कळ मंद असतो, आणि पांढराही कागदी करडा असतो. सातही रंगांच्या पट्ट्या पॅनेलवर दाखवून, सारख्या उजेडात मोजून किंवा निदान काळजीपूर्वक फोटो काढून खरे आकडे मिळवा. डिदरिंगचा हिशेब त्या खऱ्या आकड्यांवर करा आणि पॅनेलला पाठवताना त्याच्या ठरलेल्या क्रमांकांत बदला. घेर किती लहान आहे हे तेव्हाच कळतं, आणि मूळ चित्र किती मंद करून घ्यायचं तेही.

पॅलेट बरं झालं की नाही हे तपासायला मी दोन ब्लर वापरतो. मूळ चित्र आणि डिदर केलेलं चित्र दोन्ही रेषीय प्रकाशात आधी मोठ्या त्रिज्येने ब्लर करा, आठ-दहा पिक्सेल, आणि फरक पाहा. इथे जो फरक दिसेल तो घेराचा दोष, म्हणजे टोकांचा रंग बदला. मग लहान त्रिज्येने, दीड-दोन पिक्सेल. इथे दिसेल तो दाण्यांचा दोष, त्या भागाला आतला रंग कमी पडतोय. शिवाय एकेक रंग काढून पुन्हा डिदर करून बघा. ज्याच्या जाण्याने दोन्ही तपासण्यांत काहीच हललं नाही तो रंग जागा अडवून बसलाय. दोन तपकिरींच्या बरोबर मधला तिसरा तपकिरी बहुधा असाच निघतो, कारण बाहेरचे दोघे मिळून त्याला तयार करतातच. तपासणी नेहमी अंतिम आकारात करा. आकार बदलायचा तो डिदर करण्याआधी, आणि नंतर मोठं करायचं असेल तर फक्त पूर्ण पटीत, नीअरेस्ट नेबरने, म्हणजे नवे मधले रंग न बनवता. जेपीईजीत तर कधीच साठवू नका, ती दाण्यांचा चिखल करते.

रंगांची संख्या ठरवताना फाइलचा प्रकार लक्षात घ्या. पॅलेटवाल्या पीएनजीत प्रति पिक्सेल १, २, ४ किंवा ८ बिट असतात, म्हणजे २, ४, १६ किंवा २५६ रंग. आठ रंग निवडलेत तरी सोळा रंगांइतकेच चार बिट लागणार. तेव्हा आठावर अडून न बसता तुमच्या चित्रांसाठी सोळा घ्या, आणि ते जास्तीचे आठही आकाश आणि त्वचेच्या गडद बाजूला देऊन बघा. तुमच्या तक्रारीतले दाणे पहिले तिथूनच कमी होतील.